निरंक

माझ्यासमोरच्या खुर्चीत बसून आजवर अकरा हजार माणसं रडली आहेत. त्यांतल्या एकालाही मी रुमाल दिलेला नाही. रुमालानं नमुना पुसला जातो.

कठोरपणा मिरवायला हे सांगत नाही, कामच तसं आहे. मी वैजयंती पोहरे. अकोल्याच्या अश्रुपरीक्षण केंद्रात नऊ वर्षं विश्लेषक होते, आता प्रमुख आहे. गावात आमच्या इमारतीला कोणी केंद्र म्हणत नाही. ऑटोवाल्याला सांगायचं, 'रडघरापाशी सोड', की तो बरोबर सोडतो आणि आरशातून तुमच्याकडे बघत राहतो, बिचारीचं कोण गेलं म्हणून.

कांदा चिरताना येणारं पाणी आणि काळीज फाटल्यावर येणारं पाणी दिसायला सारखंच. खारट दोन्ही. पण दुसऱ्यात तीन छोटी पेप्टाइडं असतात, जी पहिल्यात कधीच नसतात. आम्ही त्यांना त्रिकूट म्हणतो. अडचण अशी की अश्रूचा थेंब एवढासा, त्यात शेकडो प्रथिनं, क्षार, स्निग्ध पदार्थ यांची जत्रा, आणि त्रिकूट त्या जत्रेत हरवलेल्या पोरांइतकं. ते शोधायचं कसं, याचं उत्तर म्हणजे आमची चकती.

टपालाच्या तिकिटाएवढी काच. तिच्यावर केसाहून बारीक नाली कोरलेली. नालीच्या एका टोकाला थेंबाचा हजारावा हिस्सा सोडायचा आणि दोन्ही टोकांमध्ये काही हजार व्होल्टचा दाब लावायचा. ज्या रेणूवर विद्युतभार जास्त आणि अंग लहान, तो पुढे पळतो. बोजड असतो तो मागे रेंगाळतो. चाळीस सेकंदांत गर्दीची रांग होते. नालीचं दुसरं टोक सुईसारखं निमुळतं. तिथून ती रांग सूक्ष्म तुषार होऊन वस्तुमानमापकात उडते. तो निर्वातातला तराजू आहे. आलेल्या प्रत्येक रेणूचं वजन तो इतकं अचूक सांगतो की नावाची चिठ्ठी वाचल्यासारखं वाटावं. अट एकच. रेणूच्या अंगावर विद्युतभार हवा. ज्याच्या अंगावर भार नाही, तो त्या तराजूच्या लेखी जगात नाही.

यंत्र आलं आणि लोकांनी पहिल्या दोन वर्षांत त्याचं मातेरं केलं. पाठवणीच्या वेळी नवरी खरी रडली का, हे वरपक्ष तपासून घेऊ लागला; खरी रडली तर म्हणे तिचं मन माहेरीच राहणार आणि खोटी रडली तर ती लबाड. म्हणजे मुलीनं करायचं काय, ते कोणी सांगेना. एका माजी आमदाराच्या शोकसभेत विरोधकांनी वक्त्यांच्या डोळ्यांखाली नळ्या धरल्या आणि सभा वीस मिनिटांत आटोपली. मग सरकारनं खाजगी चाचण्यांवर बंदी घातली आणि यंत्र फक्त न्यायालयाच्या हाती दिलं. मुलाचा ताबा कोणाकडे द्यायचा, या प्रश्नावर कौटुंबिक न्यायालयाला ते फारच आवडलं. न्यायाधीशांना वर्षानुवर्षं दोन्ही बाजूंचं रडणं ऐकावं लागत होतं. आता ते मोजता येऊ लागलं. कागदोपत्री आमचा अहवाल 'पूरक पुरावा' होता. प्रत्यक्षात निकाल तिथेच लागायचा.

अहवालाचा मराठी नमुना ठरवायच्या समितीत मी होते. त्रिकूट सापडलं नाही तर यंत्र जो शेरा देतं, त्याचा नीट अर्थ असा होतो: 'आमच्या शोधण्याच्या मर्यादेत आढळून आले नाही.' एवढं वाक्य दोन सेंटिमीटरच्या रकान्यात बसेना. तेव्हा मीच म्हटलं, 'निरंक' लिहा. तलाठ्यापासून मंत्रालयापर्यंत सगळ्यांच्या ओळखीचा शब्द. जंगम मालमत्ता: निरंक. प्रलंबित प्रकरणे: निरंक. शब्द सगळ्यांना आवडला, चहा आला, समिती उठली. आढळलं नाही आणि नाहीच आहे, या दोन गोष्टींत किती अंतर आहे हे पीएच.डी. असलेल्या बाईला त्या दिवशी सुचलं नाही. काखेत कळसा म्हणतात तो हाच.

मोनाली बोचरे आली तेव्हा सव्वीस वर्षांची होती. तिचा नवरा निखिल कापसाच्या जिनिंग कारखान्यात यंत्राच्या पट्ट्यात अडकून गेला होता. चार वर्षांची मुलगी, जुई. सासू ललिताबाईंनी नातीचा ताबा मागितला होता. त्यांचं म्हणणं, सून तरुण आहे, उद्या दुसरं घर करील, तिला पोरीचं काय. त्यांचा धाकटा मुलगा गेला होता आणि पोरीच्या चेहऱ्यावर त्याचं नाक होतं. ललिताबाईंना मी खलनायिका करणार नाही. त्यांची चाचणी आदल्या दिवशी झाली होती आणि त्रिकूट ठसठशीत आलं होतं.

मोनालीला मी खुर्चीत बसवलं, छापील प्रश्न विचारले. "डोळ्यांत काही औषध घातलंय का, कालपासून?"

"नाई," ती म्हणाली.

तिचे डोळे काजळानं भरलेले होते. माझ्या सहायकानं कडांचं काळं कापसानं टिपलं. नवरा जाऊन महिना झाला नाही आणि ही काजळ घालून आली, असं माझ्या मनात आलं. ते मनात आलं होतं, हे मी नोंदवून ठेवते. मग जुईच्या आवाजाची ध्वनिफीत लावली. 'आई, माही चप्पल कुठी हाय?' एवढंच होतं त्यात. मोनाली पहिल्या शब्दाला फुटली. नळी भरून वर ओघळ गालावर गेला. चाळीस सेकंदांनी पडद्यावर सपाट रेघ आली. मी चौथ्या रकान्यात शब्द लिहिला, सही केली आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

ताबा ललिताबाईंना मिळाला. ज्या आईच्या अश्रूंत बंधच नाही, तिला भेटीचा हक्क तरी कशाला, असं त्यांच्या वकिलांनी विचारलं आणि न्यायालयाला ते पटलं. ललिताबाई नातीला घेऊन थोरल्या मुलाकडे सुरतला निघून गेल्या.

निकालानंतर पाच दिवसांनी मोनाली एकटीच केंद्रात आली. सोमवार होता. तिनं अहवालाची घडी उलगडून माझ्या टेबलावर ठेवली.

"मॅडम, निरंक म्हंजे काय हो?"

"म्हणजे काही नाही."

"काईच नाई?"

"काहीच नाही."

ती कागदाकडे बघत राहिली. "पन मी त रडली ना. तुमच्यासमोरच रडली."

"रडण्याचे प्रकार असतात," मी म्हटलं. हे वाक्य मी रोज दोनदा तरी म्हणत असे.

"निखिल गेले तवापासून मी रोजच रडते. डोये इतके सुजले होते का उघडत नव्हते. माही माय म्हने, न्यायालयात जाशीन त दिसन तरी का तुले. तिनं एरंडीच्या तेलाचं काजय करून घातलं, सकाय-संध्याकाय, आठ दिवस. त्यानं थंड पडते." तिनं डोळ्याच्या कोपऱ्याला बोट लावलं. बोटावर काळा तेलकट डाग आला. "आताबी घातलं हाय."

"मी विचारलं होतं ना, डोळ्यांत काही घातलंय का?"

"तुम्ही औषध इचारलं होतं, मॅडम. काजय कुठी औषध असते?"

तिचं बरोबर होतं. वऱ्हाडातल्या कुठल्याही बाईनं तेच उत्तर दिलं असतं. आणि ते उत्तर ऐकलं त्याच क्षणी पुढचं सगळं मला कळलं. मी तिला म्हटलं, "निकालाविरुद्ध अपील करता येतं. वकिलांना भेटा." ती गेली.

दुसऱ्या दिवशी मी घरी तांब्याच्या ताटलीखाली एरंडेलाचा दिवा लावून काजळ धरलं. लहानपणी आजीला करताना पाहिलं होतं, तेवढं आठवत होतं. प्रयोगशाळेत कृत्रिम अश्रू तयार केला, त्यात त्रिकूट मोजून घातलं आणि त्याचे दोन भाग केले. पहिला भाग चकतीवर सोडला. तीन शिखरं आली, देवळाच्या कळसासारखी. दुसऱ्या भागाला काडीच्या टोकानं काजळ लावलं. सपाट रेघ. पाच वेळा केलं, पाचही वेळा सपाट.

कारण अवघड नाही. काजळातली एरंडेलाची चिकट आम्लं नालीच्या काचेला धरतात, रेणूंची धाव विस्कटते, आणि पुढे पळणारं त्रिकूट मागच्या तेलकट गर्दीबरोबरच सुईच्या टोकाशी येऊन पोचतं. तिथे तुषार उडताना भार वाटला जातो. एस.टी. लागली की दांडगी माणसं खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात आणि म्हातारी स्टँडवरच राहते, तसं. सगळा भार तेलकट रेणूंनी पटकावला. त्रिकूट तिथंच होतं, हवं तेवढं होतं, पण त्याला बसायला जागा मिळाली नाही. आणि पुढच्या गावी बसमधून उतरलेली माणसं मोजून मी न्यायालयाला कळवलं होतं की म्हातारी नावाची कोणी बाईच नाही.

म्हणजे मोनाली खोटी रडली असती तर ती काजळाशिवाय आली असती. तिचे डोळे सुजले, कारण ती खरी रडत होती. सुजले म्हणून काजळ घातलं. आणि काजळानं तिचं रडणं पुसलं. जितकी जास्त रडेल तितकी जास्त कोरडी ठरणारी चाचणी मी चालवत होते.

आता माझ्यापुढे दोन वाटा होत्या. एक, त्याच दिवशी न्यायालयाला पत्र लिहायचं. पत्र चार ओळींचं झालं असतं. दुसरी वाट मी घेतली ती.

माझ्या सहीचे चारशे बारा अहवाल 'निरंक' होते. त्यांतल्या किती डोळ्यांत काजळ, सुरमा किंवा तूप होतं, कोण जाणे. ते सगळे उकरले गेले असते. यंत्राला देशभर मान्यता मिळायची फाइल त्याच महिन्यात दिल्लीला गेली होती, आणि केंद्रप्रमुखाच्या जागेसाठी माझंही नाव गेलं होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. मी स्वतःला समजावलं की शास्त्रात आधी पद्धत सुधारायची असते, दोषारोप नंतर. आणि मी पद्धत सुधारली, अगदी तत्परतेनं. प्रश्नावलीत पाचवा प्रश्न घातला: 'डोळ्यांत काजळ, सुरमा, तेल, तूप किंवा अन्य घरगुती पदार्थ घातला आहे काय?' चाचणीपूर्वी डोळे दोन मिनिटं क्षारजलानं धुण्याचा नियम केला. का, ते कुठेच लिहिलं नाही. इतर केंद्रांनी माझा नमुना जसाच्या तसा उचलला, आणि बारकाईनं काम करणारी बाई म्हणून माझं कौतुक झालं. सहा महिन्यांनी मी प्रमुख झाले.

मोनालीची आठवण यायची का? यायची. सणासुदीला नाही, कामाच्या मधेच यायची, आणि मी दुसऱ्या कामाला लागायचे. माणूस स्वतःशी किती सराईतपणे खोटं बोलतो हे मोजणारं यंत्र अजून निघालेलं नाही, हे माझं नशीब.

वीस महिन्यांनी वरच्या न्यायालयानं तिचं अपील ऐकलं आणि फेरतपासणीचा आदेश दिला. तो वकिलांच्या हुशारीनं नाही, तिच्या चिकाटीनं. या काळात तिनं जिनिंगच्या कँटीनमध्ये काम करून तारखा केल्या होत्या. ती माझ्यासमोर बसली तेव्हा वाळून काटकी झाली होती. डोळे स्वच्छ होते. प्रश्नावली तिनं स्वतः वाचायला घेतली. पाचव्या प्रश्नाशी तिचं बोट थांबलं. मग ते कागदाच्या तळाशी गेलं. सरकारी नमुना कधी सुधारला याची तारीख तिथे बारीक अक्षरांत छापलेली असते, आणि ती कोणी वाचत नाही.

"मी तुमच्याकडं आली होती तो सोमवार होता," ती म्हणाली. "पंधरा तारीख. हे एकोनीसचं हाय."

"हो."

"म्हंजे तुम्हाले तवाच समजलं होतं."

"हो."

"मंग मले कावून नाई सांगतलं?"

कार्यपद्धती, वरिष्ठांची मान्यता, पुरेशी आकडेवारी, अशी बरीच उत्तरं माझ्याकडे तयार होती. मी म्हटलं, "मला भीती वाटली."

"कोनाची?"

मी प्रश्नावली तिच्यासमोरून उचलून फाइलला लावली. तिनं शिवी दिली असती तर मला बरं वाटलं असतं. ती उठून नळाशी गेली, दोन मिनिटं डोळे धुतले आणि खुर्चीत येऊन बसली. चप्पल कुठे आहे विचारणारा आवाज मी पुन्हा लावला. तिन्ही शिखरं आली. इतकी उंच मी आजवर पाहिली नव्हती. त्यांचा आकडा मी चौथ्या रकान्यात लिहिला आणि वेडी आशा धरली की सगळं मिटलं.

पण आदेशाचा दुसरा भाग होता. आता दोन्ही बाजूंचा बंध सारखाच सिद्ध होत असेल, तर मुलीचे स्वतःचे अश्रू तपासावेत आणि तेच निर्णायक धरावेत. आदेश शहाणपणाचा होता. पोरीला कोणी विचारलंच नव्हतं तोवर.

दोन दिवसांनी ललिताबाई जुईला सुरतहून घेऊन आल्या. सहा वर्षांची, दोन वेण्या, एक पुढचा दात पडलेला. आमच्या समुपदेशक बाईंनी तिचे डोळे खेळीमेळीनं धुतले आणि तिला मांडीवर घेतलं. काचेच्या पलीकडे मोनाली उभी होती. तिनं नवी साडी नेसली होती आणि हातात बिस्किटाचा पुडा धरला होता.

बाईंनी जुईला आधी मोनालीची ध्वनिफीत ऐकवली. जुईनं शहाण्या मुलीसारखी ऐकली, आणि पुन्हा आजी बाहेर थांबली होती त्या दाराकडे बघायला लागली. मग बाई म्हणाल्या, "जुई, आता तुला इथंच राहायचं, अकोल्याला. तुझ्या आईजवळ. आजी एकटीच सुरतला जाणार."

जुईचा खालचा ओठ बाहेर आला. ती मांडीवरून उतरून दाराकडे धावली आणि कडीपर्यंत हात पोचेना म्हणून दारावर थापा मारायला लागली. "आजी, मला घेऊन जा. मी हट्ट नाही करणार. आजी, मी हट्ट नाही करणार." नळी भरायला पाच सेकंदही लागले नाहीत.

त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं की यंत्रानं चुकावं. मी नमुना दोनदा चालवला. नवी चकती घातली आणि तिसऱ्यांदा चालवला. तेल नाही, तूप नाही, गर्दी नाही. तीन स्वच्छ शिखरं, तिन्ही वेळा.

वीस महिन्यांपूर्वी हीच चकती लावली असती, तर पोर आईसाठी असंच दार बडवत रडली असती. तेव्हा ती आईच्या कुशीत झोपत होती. ते वीस महिने ललिताबाईंनी घेतले नाहीत, न्यायालयानंही घेतले नाहीत. ते मी घेतले, चार ओळींचं पत्र लिहायला नको म्हणून.

मोनाली माझ्या टेबलाशी आली. तिला आकड्यांचा अर्थ लागत नव्हता, शिखरांचा लागत होता.

"हे खरं हाय?"

"खरं आहे."

"कायची चूक नाई?"

"या वेळी नाही. तुम्हाला हरकत घेता येईल. सहा महिने सवयीसाठी मागता येतील. मी लिहून देते, पहिल्या अहवालाचंही सगळं लिहून देते. माझी नोकरी गेली तरी चालेल."

"तुमची नोकरी घेऊन मी काय करू, मॅडम," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "सहा महिने ते असंच दार वाजवन. मी आयकू शकत नाई." आणि वकिलांना बोलावून तिनं अपील मागे घेण्याच्या कागदावर सही केली. अक्षर वळणदार होतं, शाळेत गिरवून घेतल्यासारखं.

मी माझं पत्र त्याच दिवशी पाठवलं. चारशे अकरा प्रकरणं आता उघडतील, आणि माझ्यावर चौकशी बसली आहे. त्यातून कोणाचं काही परत येईल अशी समजूत मी करून घेतलेली नाही.

दुपारी त्या निघाल्या तेव्हा मी पायरीवर होते. ललिताबाई ऑटोत बसल्या होत्या आणि जुईनं त्यांच्या पदरात तोंड खुपसलं होतं. मोनाली ऑटोजवळ गेली, पण पोरीला हात लावला नाही. बिस्किटाचा पुडा तिनं सीटच्या कडेवर ठेवला.

"आई, तिले अंधारात झोप येत नाई," ती म्हणाली. "बारका दिवा राहू देत जा."

"आता येते," ललिताबाई म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. जे होतं ते त्यांनी सांगितलं.

"अन् भात भरवा लागते. हातानं जेवत नाई ते."

"आता जेवते व माय."

मोनाली मान हलवून आणखी काहीतरी सांगायला थांबली. ऑटो फाटकातून बाहेर पडली तेव्हाही ती ते आठवतच होती.